एकट्याने लग्नाचं शूटिंग: स्लायडर घ्यावा, गिंबल घ्यावा, की दोन्ही दुकानातच राहू द्यावेत?

तिसरा_पाय

नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ करतो, एकटाच. मदतनीस नाही आणि सध्या ठेवायचाही नाही. त्यामुळे "एक पोरगा सोबत घेऊन जा" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरच्यांनी देऊन झालाय.

सामान असं: एकाच मॉडेलचे दोन मिररलेस कॅमेरे, फ्लुइड हेडचा (कॅमेरा अलगद वळवणाऱ्या हेडचा) ट्रायपॉड, एक साधा मोनोपॉड (एकाच पायाचा), २४, ३५ आणि ८५ एमएमच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सेस आणि एक ७०-२०० झूम. काम स्वच्छ होतं, आवाजाचीही तक्रार नसते. पण पूर्ण फिल्म लावून बघितली की सगळं जागच्या जागी खिळल्यासारखं वाटतं. भेटायला येणारी जोडपी मोबाइलवर जे नमुने दाखवतात त्यात कॅमेरा सतत तरंगत असतो, आणि मग विचारतात, "असं होईल ना?"

सध्या एकच वस्तू घेता येईल. स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरकवायचा छोटा रूळ, घेतला तर तो लावायला-काढायला वेळ किती जातो? गिंबल, म्हणजे मोटरने कॅमेरा स्थिर ठेवणारा हातातला दांडा, घेतला तर वापरात नसताना तो ठेवायचा कुठे, कारण धरायला दुसरा माणूस नाही? आणि मुख्य म्हणजे, एकटा माणूस हे सगळं सांभाळून विधींकडे लक्ष कधी देतो? ब्रँड कुठला घ्यावा हे नंतर बघू. रोजच्या वापरात काय होतं ते सांगा.

रुळावरून

स्लायडरवाला हजर आहे. गिंबलवाले येऊन धागा ताब्यात घ्यायच्या आत लिहून टाकतो.

स्लायडरचा सगळा खेळ पॅरलॅक्सचा आहे. जवळची वस्तू फ्रेममधून भराभर सरकते, लांबची जवळजवळ हलत नाही, आणि त्या फरकातून खोली दिसते. ६० सेंमीच्या स्लायडरवर कॅमेऱ्याला प्रत्यक्षात ५० सेंमीच्या आसपास प्रवास मिळतो, बाकीची लांबी कॅरेजच (कॅमेरा बसतो तो सरकता भाग) खाते. आता हिशेब करा. वस्तू १ मीटरवर असेल तर ५० सेंमी सरकल्यावर बघायचा कोन २६-२७ अंशांनी बदलतो. तीच वस्तू १० मीटरवर असेल तर ३ अंशसुद्धा नाही. म्हणजे हॉलच्या मागच्या भिंतीपाशी स्लायडर लावून लांबचं स्टेज शूट करणाऱ्याला काहीच मिळत नाही. "मला १ मीटरचा स्लायडर पाहिजे" असं वाटायला लागतं ते इथेच. लांबी वाढवू नका, पुढे काहीतरी आणा. खुर्चीची पाठ, फुलं, दाराची चौकट, पाहुण्याचा खांदा, काहीही चालतं. लेन्सपासून हातभर अंतरावर काही असलं की ४० सेंमीचा प्रवासही भरपूर होतो.

लावायला वेळ लागतो तो आडवेपणा साधायला. स्लायडर एकाच ट्रायपॉडवर मधोमध बसवला की कॅमेरा टोकाला गेल्यावर ते टोक खाली वाकतं आणि क्षितिजरेषा हळूच कलते. छोट्या स्क्रीनवर कळत नाही, टीव्हीवर कळतं. म्हणून ट्रायपॉडचा एक पाय स्लायडरच्या दिशेने ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाखाली लाइट स्टँडचा टेकू द्यायचा. नाहीतर सरळ स्लायडरच्या स्वतःच्या पायांवर तो टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायचा. मी बहुतेक वेळा तेच करतो. दोन्ही टोकांना कॅमेरा नेऊन लेव्हल बघायची. मधोमध बघितलेली लेव्हल काही कामाची नाही.

हात थरथरत असेल तर कॅरेजला रबर बँड अडकवायचा आणि रबर ओढायचा, कॅरेज नाही. सुरुवातीचा झटका रबर पिऊन टाकतं. आणि रुळावरची धूळ दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा. वाळूचा एक कण मध्ये आला की तिथेच टक् होतं, आणि नेमकं सगळ्यात चांगल्या टेकमध्ये होतं.

फोकसवेडी

आले, गिंबलवाली.

रुळावरून यांचं सगळं बरोबर आहे, पण स्लायडर एका जागी बसतो आणि लग्न एका जागी बसत नाही. तयारीची खोली, मग बाहेर, मग प्रवेश, मग हॉल. एकट्या माणसाने ट्रायपॉड आणि स्लायडर उचलून किती वेळा न्यायचा? गिंबल हातातच असतो.

वजनाचं आधी सांगते, कारण दुकानात दोन मिनिटं धरून सगळ्यांना तो हलकाच वाटतो. डीजेआयचा आरएस ३ साधारण १.३ किलो. त्यावर सोनी ए७ फोर म्हणजे ६५८ ग्रॅम, त्यावर २४ एमएम एफ/१.४ जीएम म्हणजे ४४५ ग्रॅम. झाले २.४ किलो, आणि हे वजन शरीरापासून पुढे, हवेत धरायचं आहे. कोपरं बरगड्यांना टेकवून दोन्ही हातांनी धरायचं. शॉट संपला की लगेच खाली.

बॅलन्सिंग घरी करायचं, लग्नात नाही. मोटर बंद ठेवून आधी टिल्ट (वर-खाली), मग रोल (बाजूला कलणं), मग पॅन (डावी-उजवीकडे वळणं). कॅमेरा ज्या कोनात सोडाल त्याच कोनात थांबला पाहिजे. पुढे झुकला, मागे पडला तर अजून झालेलं नाही. मोटरला ताकद आहे म्हणून असमतोल कॅमेराही ती धरून ठेवते, पण बॅटरी खाते, घरघरते आणि फ्रेममध्ये बारीक कंप येतो. प्लेट (कॅमेऱ्याखालची बसवायची पट्टी) आणि अक्ष जिथे बसले तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

आणि दिवसभर त्या कॅमेऱ्यावर एकच लेन्स. बदलली की बॅलन्स गेला. झूम हवाच असेल तर लांबी न बदलणारा घ्या. सोनीचा १६-३५ एफ/४ पॉवर झूम झूम केल्यावर बाहेर येत नाही आणि वजन फक्त ३५३ ग्रॅम आहे.

चालणं शिकावं लागतं. गिंबल तीन अक्षांवरचं फिरणं थांबवतो, वर-खाली होणं थांबवत नाही. पावलागणिक शरीर जे उसळतं ते तसंच्या तसं फ्रेममध्ये येतं, आणि माणूस जितका जवळ तितकं जास्त दिसतं. गुडघे जरा वाकवून, आधी टाच आणि मग चवडा टेकत, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखं चालायचं. आरशासमोर सराव करू नका. रेकॉर्ड करून बघा.

सेटिंग म्हणाल तर चालताना फक्त पॅन फॉलो ठेवायचं (म्हणजे तुम्ही वळलात की कॅमेरा मागोमाग वळतो), टिल्ट लॉक. फॉलोचा वेग कमी. चेहऱ्यावरचा कंटिन्युअस ऑटोफोकस चालू, आणि एफ/१.४ चा मोह आवरून एफ/२.८. उन्हातून हॉलमध्ये शिरायचं असेल तर शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने ठरवून आयएसओ तेवढा ऑटोवर टाका. दोन्ही हात अडकलेले असताना डायल फिरवणार कोण?

घडीची_खुर्ची

वाखु (वाचनखूण) साठवली. मोनोपॉडवाल्यांची बाजू मांडायला कोणी आहे का, की तो साधा म्हणून हरलेलाच धरायचा?

एकदांडी

आहे ना! धागाकर्त्यांकडे साधा मोनोपॉड आहे आणि खरी अडचण तिथे आहे असं माझं मत. खाली तीन छोटे पाय आणि फ्लुइड बेस असलेला व्हिडिओ मोनोपॉड घ्या, वर छोटं फ्लुइड हेड. तो उभा राहतो, वळतो, आणि मुख्य म्हणजे झुकतो. पूर्ण दांडी हळूच पुढे झुकवली की २०-३० सेंमीचा पुश-इन (कॅमेरा पुढे सरकणारा शॉट) मिळतो. बाजूला झुकवली की छोटा स्लायडर. फक्त झुकवताना दुसऱ्या हाताने हेड उलट दिशेला वळवत राहायचं, नाहीतर क्षितिज तिरकं होतं. जमायला थोडे दिवस लागतात, पण एकदा जमलं की लावण्याचा वेळ शून्य.

मात्र सोडून जाऊ नका! तीन पाय आहेत म्हणून तो ट्रायपॉड होत नाही. मुलं धावत असतात.

कात्री

मी शूट करत नाही, इतरांचं फुटेज कापतो, त्यात बरेच जण एकटे काम करणारे. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते लिहितो. कोणाला टोचलं तर टोचू दे.

गिंबल घेतल्यानंतर पहिले काही महिने येणारं फुटेज मी लांबूनच ओळखतो. सव्वातीन मिनिटांची एकच क्लिप, त्यात माणूस खोलीत शिरला, फिरला, वधूच्या भोवती गेला, खिडकीपाशी गेला, परत आला. या क्लिपमध्ये कुठेच सुरुवात नाही आणि कुठेच शेवट नाही. मला त्यातले ४ सेकंद हवेत आणि ते चारही हालचालीच्या मधूनच तोडावे लागतात. उलट स्लायडरवाला देतो ८ सेकंदांची क्लिप. २ सेकंद स्थिर, ४ सेकंद हालचाल, २ सेकंद स्थिर. ती मी कुठेही लावू शकतो. हा गुण स्लायडरचा नाही. स्लायडरला टोक असतं म्हणून माणूस आपोआप थांबतो, एवढंच. गिंबलवरही थांबा. कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं हे ठरवून मगच रेकॉर्ड दाबा.

दुसरं, दिशा. डावीकडून उजवीकडे जाणारा शॉट आणि लगेच उजवीकडून डावीकडे येणारा शॉट असे शेजारी लावले की डोळ्याला ठेच लागते. स्लायडरवर तीच हालचाल दोन्ही दिशांनी घ्या. कॅमेरा परत आणायचाच आहे, तर रेकॉर्ड करत आणा.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. लग्नातल्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात: पुन्हा करून घेता येतात त्या आणि येत नाहीत त्या. दागिने, कपडे, अंगठ्या, रिकामा हॉल, सजावट, जोडप्याचं फिरणं हे सगळं पुन्हा घेता येतं. चुकलं तर "परत एकदा याल का?" म्हणता येतं. विधी, भाषणं, वडिलांचा चेहरा हे पुन्हा येत नाही. पहिल्या गटात हवी तेवढी हालचाल करा, तिथे स्लायडरही आणा आणि गिंबलही आणा. दुसऱ्या गटात कॅमेरा ट्रायपॉडवर पाहिजे आणि तुमचं डोकं माणसांवर पाहिजे. एकट्या माणसाची वेळ सगळ्यात जास्त जाते ती एका साधनावरून दुसऱ्यावर जाताना, आणि तेवढ्यात समोर काहीतरी होऊन जातं. विधी चालू असताना गिंबल बॅलन्स करणाऱ्याच्या फुटेजमध्ये मला जो खड्डा सापडतो तो कुठल्याही तरंगत्या शॉटने भरत नाही. तिथे मी नाइलाजाने फुलं लावतो. कधी तुमची फिल्म बघताना भाषणाच्या मध्येच फुलं आली तर समजा, तेव्हा कोणीतरी प्लेट शोधत होतं.

आणि वॉर्प स्टॅबिलायझर, म्हणजे एडिटिंगमध्ये हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट, हा तुमचा तिसरा हात नाही. २०११ मध्ये आफ्टर इफेक्ट्स सीएस५.५ मध्ये आला तेव्हापासून लोक "पोस्टमध्ये बघू" म्हणतायत. २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) १/५० च्या शटरने घेतलेल्या क्लिपमधला धक्का तो सरळ करतो, पण त्या धक्क्याची मोशन ब्लर फ्रेममध्येच राहते. चित्र स्थिर दिसतं आणि अधूनमधून विनाकारण धूसर होतं. शिवाय पुढे चालणारी माणसं असली की भिंती लवचिक होतात. बारीक कंपासाठी ठीक, चालण्यासाठी नाही.

फोकसवेडी

@कात्री, सव्वातीन मिनिटांचं अगदी मान्य. पण "विधीत ट्रायपॉडच" हे फार कडक झालं. प्रवेश पुन्हा येत नाही, तरी तो गिंबलवरच छान दिसतो.

कात्री

प्रवेश गिंबलवर घ्या ना. पण तेव्हा दुसरा कॅमेरा ट्रायपॉडवर वाइडमध्ये चालू आहे का, एवढंच मी विचारतो. असेल तर गिंबलचा शॉट फसला तरी माझ्याकडे काहीतरी आहे.

तिसरा_पाय

कात्री, छापून भिंतीवर लावावं असं लिहिलंत. आता पुढचे प्रश्न.

१. प्रवेशाच्या वेळी सगळे जण उलटं चालत शूट करतात. मागून धरायला माझ्याकडे कोणी नाही. कसं करता?

२. प्रवेश संपला, जोडपं स्टेजवर पोचलं, आणि माझ्या हातात चालू गिंबल. आता तो ठेवायचा कुठे?

३. मोटरवाला स्लायडर लावून दुसरा कॅमेरा त्यावर आपोआप फिरत ठेवला तर? म्हणजे एकट्याचे दोन झाले.

जुनं_खोड

एकट्याने उलटं चालू नये. मी चालत नाही. प्रवेशाच्या वाटेवर एका ठिकाणी उभा राहतो, जोडपं माझ्याकडे येऊ देतो, जवळ आलं की एक पाऊल बाजूला होतो आणि शरीर वळवून त्यांना जाऊ देतो. कॅमेरा एक पाऊल हलला, पण बघणाऱ्याला वाटतं तो त्यांच्यासोबत होता. चालायचंच असेल तर हॉल रिकामा असताना तीच वाट एकदा उलटी चालून बघायची. गालिच्याची उचललेली कड, पायरी, साउंडवाल्याची केबल, सगळं तेव्हाच कळतं.

बाकी, तुम्ही सगळे मोटरच्या गिंबलबद्दलच बोलताय म्हणून थोडं जुनं सांगतो. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात स्टेडीकॅम आणला तेव्हा त्यात मोटर नव्हती. वजन कॅमेऱ्यापासून लांब पसरवायचं आणि गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ मोकळ्या सांध्यात पकडायचं, एवढंच तत्त्व. पुढे त्याच तत्त्वावर हातात धरायची छोटी यंत्रं आली, ग्लाइडकॅमसारखी. २०१३ मध्ये फ्रीफ्लायचा मोवी आला, २०१४ मध्ये डीजेआयचा रोनिन, आणि बघता बघता वजनाचं यंत्र अडगळीत गेलं.

माझ्याकडे अजून आहे आणि मी वापरतो. बॅटरी नाही, सुरू व्हायला वेळ नाही, आवाज नाही. बॅलन्स बघायची रीत अशी की दांडा आडवा धरून सोडायचा. तो उभा व्हायला २ ते ३ सेकंद लागले पाहिजेत. पटकन पडला तर खाली वजन जास्त आहे, चालताना झोके खाईल. फार सावकाश पडला तर काबूत राहणार नाही. हात सांध्याच्या जवळ, दोन बोटांनी, अगदी हलका. जिन्यावर, गर्दीत याच्या शॉटला जो श्वास असतो तो मोटरच्या गिंबलला येत नाही. मोटरचा शॉट सरकतो, हा वाहतो.

तोटेही ऐका. बाहेर वारा असेल तर विसरा, कॅमेऱ्याचं शीड होतं. आणि शिकायला वेळ लागतो, गिंबलपेक्षा कितीतरी जास्त. आजच्या तारखेला नवीन माणसाला मी हे घे म्हणणार नाही.

फोकसवेडी

जुनं_खोड काका, सगळं पटलं, फक्त "श्वास" सोडून. गिंबलचा फॉलो नीट लावला तर तोही वाहतो. लोक कारखान्यातल्या सेटिंगवर चालवतात आणि मग म्हणतात यंत्रासारखं दिसतं.

अजून एक, इथे कोणी आयबिसचं बोललं नाही. गिंबलवर कॅमेऱ्याचं इन-बॉडी स्टॅबिलायझेशन चालू ठेवावं असं माझं मत. चालण्याचा उरलासुरला कंप कमी होतो.

जुनं_खोड

आणि माझं मत बंद ठेवावं. वाइड लेन्सवर, विशेषतः २४ च्या खाली, सेन्सर सरकला की फ्रेमचे कोपरे जेलीसारखे हलतात. मधला चेहरा स्थिर आणि कोपऱ्यातली खुर्ची डुलते. शिवाय पॅन सुरू करताना आयबिस आधी फ्रेम धरून ठेवतं आणि मग सोडतं, तो झटका वेगळाच.

फोकसवेडी

मी ३५ वर चालवते, तिथे मला कोपरे हलताना दिसत नाहीत.

जुनं_खोड

३५ वर ठीक आहे. मी १६ बद्दल बोलतोय.

कात्री

दोघेही बरोबर आहात. २४ आणि त्याहून वाइड असेल तर बंद, ३५ च्या पुढे चालू, आणि आपला कॅमेरा घेऊन घरातल्या घरात एकदा तपासून बघायचं, कारण सगळ्या कंपन्यांचं आयबिस सारखं वागत नाही. हातात धरून ८५ वर शूट करणार असाल तर अर्थातच चालू.

जाता जाता, कॅमेरा जायरोचा डेटा नोंदवत असेल तर सोनीचं कॅटॅलिस्ट किंवा जायरोफ्लो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून पाहा. चित्र बघून अंदाज बांधण्यापेक्षा कॅमेरा खरोखर कसा हलला याची नोंद त्यांच्याकडे असते, त्यामुळे भिंती वाकत नाहीत. पण मोशन ब्लरची अडचण तिथेही आहेच. शटर १/१०० किंवा त्याहून वेगवान ठेवावं लागतं, आणि हॉलच्या अंधारात ते परवडत नाही.

रुळावरून

@तिसरा_पाय, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मोटरवाला स्लायडर मी वापरतो.

होतं, पण अटी आहेत. लांब चालणाऱ्या भाषणांना उत्तम. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २-३ मिनिटं लागतील इतका वेग कमी करायचा आणि ये-जा लावून द्यायची. हालचाल जाणवली नाही पाहिजे, फ्रेम बदललेली तेवढी जाणवली पाहिजे. टोकाला पोचून तो दिशा बदलतो ते दोन-तीन सेकंद वापरता येत नाहीत, ते कात्री काढून टाकतील. फोकस हाताने लावून लॉक करायचा आणि एफ/४ च्या आसपास राहायचं, नाहीतर मधून वेटर गेला की ऑटोफोकस त्याच्या मागे जातो आणि तुम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला असता.

तो कॅमेरा मात्र तुमचा मुख्य वाइड असू नये. हलणाऱ्या यंत्रावरचा, एकटा सोडलेला कॅमेरा हा जादाचा तिसरा कॅमेरा असतो. तुमच्याकडे दोनच आहेत. म्हणून आत्ता मोटर नको.

मोटरच्या आवाजाचंही बघा. शांत क्षणी पहिल्या रांगेत ऐकू येतो.

ध्वनीलहर

आवाजाचं निघालंच आहे तर माझे दोन शब्द. गिंबलवरच्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मोटरची घरघर आणि तुमच्या पावलांचा आवाज येतो. तो ट्रॅक फक्त जुळवणीसाठी. बोलणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर छोटा रेकॉर्डर आणि लॅपेल माइक लावा. ३२-बिट फ्लोटवाला असेल तर लेव्हल बघत बसायला नको, कुजबुज आणि ओरडणं दोन्ही नंतर सावरता येतं. एकट्या माणसासाठी तेवढाच एक भार कमी. हे एकदा मार्गी लागलं की कॅमेरा कुठेही न्या, आवाज एकाच जागेचा राहतो.

अवांतर: ट्रायपॉडवरचा वाइड कॅमेरा "चालूच आहे" असं गृहीत धरू नका. बऱ्याच जुन्या मॉडेल्समध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. यामागे युरोपातल्या आयात शुल्काची वर्गवारी होती. ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा तिथे व्हिडिओ कॅमेऱ्यात मोडायचा आणि जास्त शुल्क लागायचं. ती अडचण २०१९ पर्यंत संपली, पण कॅमेरे अजून लोकांच्या हातात आहेत. घड्याळावर २५ मिनिटांचा गजर, थरथरणारा.

एकदांडी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं: गिंबल ठेवायचा कुठे. छोट्या पायांवर जमिनीवर ठेवू नका, कोणीतरी लाथ मारतंच. बहुतेक गिंबलना खाली पाव इंची छिद्र असतं. मोनोपॉडच्या वरचा स्क्रू त्यात बसतो. स्टेजच्या बाजूला वाळूची पिशवी टाकलेला एक लाइट स्टँड आधीच उभा करून ठेवा आणि गिंबल त्यावर लावा. वरच्या उंचीवर कोणाचा पाय जात नाही. आणि नाच सुरू झाला की तोच गिंबल मोनोपॉडवर चढवायचा, दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, गर्दीवरून जाणारा शॉट फुकटात मिळतो. मोबाइलवर फ्रेम बघता येत असेल तर बघा, नाहीतर ३५ ऐवजी २४ लावून अंदाजाने.

घडीची_खुर्ची

लाइट स्टँडवर २.४ किलो आणि पिशवी विसरलात तर? स्टँड जाड घ्या म्हणावं.

एकदांडी

पिशवी विसरायची नाही, म्हणून तर लिहिलं. आणि हो, स्टँडचे पाय पूर्ण पसरून.

तिसरा_पाय

सगळ्यांचे आभार. वाचून असं ठरवतोय:

साधा मोनोपॉड काढून टाकतो आणि फ्लुइड बेसवाला घेतो, तो विधी आणि भाषणांसाठी, ८५ किंवा ७०-२०० सकट. ट्रायपॉडवर २४ लावून वाइड, तो विधीभर हलणार नाही. तयारी, दागिने, अंगठ्या यांच्यासाठी ६० सेंमीचा हाताने चालणारा स्लायडर, टेबलावर ठेवून. गिंबल एक हंगाम थांबवतो, आधी कोणाकडून तरी दोन दिवस मागून चालण्याचा सराव करतो. "एकच वस्तू" म्हणालो होतो त्याच्या दोन झाल्या, पण दोन्ही मिळून गिंबलपेक्षा कमी त्रासाच्या वाटतात.

प्रवेशाला मोनोपॉडचा पाय न टेकवता तो नुसता वजन म्हणून खाली लोंबकळत ठेवून चाललो तर?

जुनं_खोड

चालेल. वर कॅमेरा, खाली दांडीचं वजन, हात मध्ये, तोल बऱ्यापैकी राहतो. दोन-तीन पावलांसाठी पुरतं. आयबिस चालू ठेवा, ३५ लावा, आणि ५० एफपीएसला १/१०० ने घ्या. २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवलं की उरलेला धक्का अर्धा मवाळ होतो. मात्र बोलण्याचा आवाज असलेल्या जागी हे करू नका.

फोकसवेडी

एक हंगाम थांबणार म्हणजे थांबणार, बघूच! ;-) गंमत सोडा, आराखडा चांगला आहे. ५० एफपीएस वापरणार असाल तर हॉलचे दिवे आधी तपासा. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. स्वस्त एलईडीवर तरीही पट्टे येतात. डिमर अर्ध्यावर आणल्यावर तर हमखास, म्हणून संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा परत एकदा बघा.

रुळावरून

आणि अंगठ्यांसाठी मॅक्रो लेन्स असेल तर ६० सेंमीसुद्धा जास्त होतात. १०० एमएम मॅक्रोवर ५ सेंमी सरकलात तरी अंगठी फ्रेमच्या बाहेर. अगदी सावकाश, रबर बँड लावून, फोकस हाताने ठरवून. अंगठी सरकत सरकत फोकसमध्ये येते आणि पुढे निघून जाते, तो शॉट कात्रींना आवडतो.

कात्री

आवडतो. एका लग्नात एक. चार पाठवू नका.

तिसरा_पाय

शेवटचं एक. ट्रायपॉडचं हेड, मोनोपॉडचं हेड आणि स्लायडर यांच्या प्लेट वेगवेगळ्या आल्या तर काय करता?

एकदांडी

सगळीकडे एकच करून टाकायची, आणि ते सामान घेतानाच. आर्का-स्विस मापाची प्लेट घ्या किंवा मॅनफ्रॉटोची लांब प्लेट घ्या, दोन्ही चालतात, मिसळायच्या नाहीत. दोन्ही कॅमेऱ्यांना कायमची एकेक प्लेट, प्रत्येक हेडवर आणि स्लायडरवर त्याच मापाचा क्लॅम्प. पुढे गिंबल घ्याल तेव्हा त्याची वरची प्लेट त्याच मापाची आहे का ते बघून घ्या. ७०-२०० ला स्वतःचा कॉलर फूट (लेन्सलाच असलेला बसवायचा पाय) असतो, त्यालाही विसरू नका, कॅमेऱ्याच्या प्लेटवर ती लेन्स टांगून ठेवली की माउंटवर ताण येतो. आणि पाव इंची स्क्रू फिरवायला एक नाणं खिशात.